काटीआडच्या सहा खाटा

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी एकदाच दवाखान्यात भरती होण्याइतकी आजारी पडले, आणि तेही सासऱ्यांच्या हुकमावरून. ताप नव्हता, खोकला नव्हता, आणि भूक तर अशी होती की पदराआड पेरू लपवूनच मी खाटेवर आडवी झाले होते. घरात पाहुणे जमले की ही गोष्ट मला सांगायला लावतात. मी सांगते, सगळे हसतात, पेरूच्या जागी तर हमखास हसतात. पण हसता हसता ती दरवेळी थोडी गोड होत चालली आहे, असं मला हल्ली वाटतं. तेव्हा गोड काहीच नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांवर दात धरून होतो, आणि त्यात मी काही मागे नव्हते. गोष्टीचा पार शिरा व्हायच्या आत ती एकदा होती तशी लिहून ठेवते.

आमचं गाव डोणगावच्या बाजाराचं. महाराष्ट्र नुकता झाला होता, जिल्हा परिषदा नव्या होत्या, आणि आमच्या भागाला एक सरकारी दवाखाना मंजूर झाला होता. तो आमच्या गावात व्हावा की नदीपलीकडच्या, यावरून दोन्ही गावांत असं जुंपलं की सोयरिकी मोडल्या. पलीकडचे म्हणत, रस्ता आमच्याकडे आहे. आमचे म्हणत, माणसं आमच्याकडे आहेत. शेवटी वरून निरोप आला की जे गाव फुकट जागा देईल आणि इमारतीला वर्गणी काढेल, दवाखाना त्याचा. तेव्हा माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो आणि गाव पाटील म्हणायचं, ते उठले आणि नदीकाठच्या वावरातला एक तुकडा त्यांनी दवाखान्याला लिहून दिला. पलीकडच्या गावाचं नाक कापलं याचा आनंद त्यांना दवाखान्यापेक्षा मोठा होता.

बदल्यात त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. दवाखान्याच्या दारावर त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी, आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी तेच नाव रंगवलेलं. खाटा सहा होत्या. आमचे आजेसासरे हयातभर वैद्याशिवाय कोणाला नाडी दाखवायला तयार नव्हते, पण सहा लोखंडी खाटांवर त्यांचं नाव निळ्या रंगात चढलं.

खाटा आल्या त्याची एक मजाच होती. पहिल्या साली नुसत्या खाटा आल्या. गाद्या पुढच्या साली मंजूर होतील, असं कळलं. मधल्या काळात त्या उन्हात ओळीनं मांडून गावच्या बायकांनी त्यांच्यावर मिरच्या वाळवल्या, सांडगे वाळवले. पुढच्या साली गाद्या आल्या, तर चादरींना मंजुरी नव्हती. चादरी आल्या तेव्हा गाद्यांत उंदरांनी संसार मांडला होता. औषधांचंही तसंच. तिमाहीचा पेटारा यायचा, पहिल्या महिन्यात लाल, पिवळी, पांढरी अशी तीन औषधं मिळायची, दुसऱ्यात फक्त लाल, आणि तिसऱ्यात कंपाउंडर लोकांनी घरून आणलेल्या बाटल्या तशाच परत करायचा आणि सांगायचा, पाणी उकळून प्या. जीप होती, पण तिच्या तेलाचे पैसे दिवाळीपर्यंत पुरत नसत. गावातल्या पोरांनी तिला 'सरकारी कोंबडी' म्हणायला सुरुवात केली होती, कारण ती सदा खुडूक बसलेली असायची.

मला मात्र तो दवाखाना हवा होता. हसू नका, पण मी रोज विहिरीवर जाताना त्या पाटीकडे देवळाकडे पाहावं तशी पाहायची. दवाखाना उघडण्याच्या आदल्या साली माझं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं म्हणजे माहेरी, शेगावला. पण कापसाची वेचणी चालू होती आणि घरात बाईमाणूस कमी, म्हणून मला उशिरापर्यंत ठेवून घेतलं. शेवटी निघालो तेव्हा मेहकरच्या रस्त्यावर, बैलबंडीतच, कळा सुरू झाल्या. मेहकर लांब होतं, गाव मागे राहिलं होतं. बंडीच्या दांडीला धरून मी जे काही सोसलं ते इथे लिहीत नाही. मूल मेलेलं जन्मलं. मामाजींनी वेचणी तोडून मला आधी पाठवलं असतं तर, हा विचार मी घरात कोणाला बोलून दाखवला नाही. पण त्यांच्या ताटात भाकर वाढताना तो दररोज माझ्या मनात यायचा.

दवाखाना उघडला आणि डॉक्टर आला पुण्याकडचा. तरुण, गोरा, तोंडानं फटकळ. आमच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणायच्या, त्यावर तो कंपाउंडरकडे पाहून हसायचा. बायकांनी त्याचं नाव 'मलाबाई' ठेवलं, कारण आम्ही 'मले' म्हणतो तिथे तो 'मला, मला' करायचा. फिटंफाट झाली. एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं.

एक दिवस मामाजी गुडघा दाखवायला गेले. दवाखान्यात ओळ होती. मामाजी ओळीला बगल देऊन सरळ आत शिरले आणि खुर्चीवर बसले. डॉक्टर एका मजुराच्या पोराची छाती तपासत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, ओळीत या. मामाजींना वाटलं, ओळख पटली नसेल. त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

"जागा मी देल्ली हाय," ते म्हणाले.

"जागा दिलीत, पाळी नाही दिलीत," डॉक्टर म्हणाला. "पाळी सरकारची आहे. तुमचा नंबर त्या म्हातारीच्या मागे."

ती म्हातारी बौद्धपुऱ्यातली होती. आमच्या वावरात तण निंदायला यायची, तिची सूनही यायची. ती म्हणे जागची हलली नाही, उलट तोंडाला पदर लावून बघत राहिली. मामाजी घरी आले ते पाणीही न पिता सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, घेऊन पुन्हा बाहेर पडले.

आता इथे गावाबाहेरच्या माणसाला एक सांगायला हवं. दवाखान्याचा तुकडा मामाजींनी लिहून दिला होता, पण तो होता त्यांच्याच वावराच्या पोटात. गावातून दवाखान्याकडे जाणारी गाडवाट त्यांच्या उरलेल्या वावरातून जायची. कागदात जागा होती, वाट नव्हती. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे वाट कोणी लिहून देत नाही, वाट असतेच. त्या संध्याकाळी ती नाहीशी झाली. सालदारानं बाभळीची हिरवी काटी, म्हणजे काटेरी फांद्या, तोडून वाटेच्या तोंडावर रचली, कमरेइतकी उंच, आणि वर दगड ठेवले. मामाजींनी गावात सांगितलं, माझं वावर आहे, ढोरं शिरतात.

लोक मग नाल्याकडून फिरून जायला लागले. उन्हाळ्यात ते जमायचं. पावसाळा लागला आणि नाला फुगला, की दवाखाना बेट व्हायचा. तरुण माणसं चिखल तुडवत जायची आणि यायची. पण खाटेवर पडण्याजोगा माणूस चालत जात नाही, त्याला बंडीत न्यावं लागतं. बंडी काटीशी अडायची. खाटा रिकाम्या राहू लागल्या. डॉक्टरनं वर कळवलं. वरून विचारणा झाली, मामाजींनी उत्तर पाठवलं की लोकांचा डॉक्टरवर विश्वास नाही. दोघंही एकमेकांना संपवायला बसले होते आणि मधल्या मध्ये उंदीर तेवढे सुखात होते.

त्याच पावसाळ्यात मला पुन्हा दिवस गेलेले होते. दुसरं बाळंतपण सासरीच, अशी रीत. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या बोलायला कडू, पण पहिल्या खेपेची बंडी त्यांनीही पाहिली होती. एका बाजाराच्या दिवशी, मामाजी डोणगावला गेले असताना, त्यांनी मला नाल्यातून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी तपासलं, डॉक्टरनं पायांची सूज बघितली, मागचं सगळं विचारलं. मग तो आत्याबाईंना म्हणाला की हिचं बाळंतपण घरी करू नका, मागे झालं ते पुन्हा होऊ शकतं, कळा यायच्या आधी इथे आणा. एवढं चांगलं बोलून गप्प बसला असता तर तो डॉक्टर कसला. पुढे म्हणाला, "आणि तुमच्या मालकांना सांगा, त्यांच्या सुनेलाही नाल्यातूनच यावं लागेल. पोहता येतं का तिला?"

आत्याबाई परत येताना नाल्याच्या मध्यावर थांबल्या आणि दोघांनाही शिव्या दिल्या, आधी डॉक्टरला, मग नवऱ्याला. डॉक्टरच्या वाट्याला कमी आल्या.

पोळा झाला आणि वरून हुकूम आला. खाटा रिकाम्या पडून आहेत, सबब त्या नदीपलीकडच्या गावी हलवण्याचा विचार आहे, तिथे लोकांनी पक्की खोली बांधून दिली आहे. जिल्ह्याचे साहेब स्वतः पाहणी करायला येतील. ही बातमी पलीकडच्या गावानं आमच्या आधी ऐकली होती. बाजारात त्यांचा एक जण मामाजींना म्हणाला, पाटील, खाटा झाडून ठेवा, नाव पुसायची घाई नोका करू, आम्ही तसंच राहू देऊ.

नावाचं तर मामाजींच्या ध्यानातच नव्हतं. सहा खाटांवर त्यांच्या वडिलांचं नाव, आणि त्या खाटांवर पलीकडच्या गावाचे लोक घोरणार. रात्रभर ते ओट्यावर बसून होते म्हणतात. सकाळी त्यांनी ठरवलं. वाट द्यायची नाही, खाटा भरायच्या.

आणि माणसं कुठून आणणार? कोणाला म्हणणार? म्हणून घरचीच. आत्याबाईंना दमा, आमच्या ह्यांना मुदतीचा ताप, चुलतसासूबाईंना कावीळ, हे सगळं मामाजींनीच नेमून दिलं. कावीळ दिसायला हवी म्हणून चुलतसासूबाईंनी हातांना हळद लावली, ती जरा जास्त झाली आणि त्या हळदी-कुंकवाला निघाल्यासारख्या दिसू लागल्या. गावचा न्हावी आणि त्याचा भाऊ आले, ते मामाजींच्या शब्दाबाहेर नव्हते. मला काही खोटं करायची गरज नव्हती, सातवा महिना स्वच्छ दिसत होता. आणि खरं सांगायचं तर मी रुसून गेले नव्हते, मला कोणी ओढूनही नेलं नव्हतं. मी राजीखुशीनं गेले. खाटा राहिल्या तर त्यातली एक माझी होती. त्यासाठी मी कावीळच काय, महारोगही अंगावर घेतला असता.

पाहणीच्या दिवशी सकाळीच काटी बाजूला झाली, साहेबांची जीप येणार होती ना. आम्ही सहा जण ओळीनं आत गेलो. डॉक्टर आला आणि दारातच थांबला. खाटांवरून नजर फिरवली. त्याला सगळं कळलं. त्यानं कंपाउंडरला हाक मारली आणि सांगितलं की पेशंट आहेत, तर औषध द्यायला हवं. मग कोयनेलचं कडूजहर पाणी आलं, पेल्यात, सगळ्यांना सारखं. आमचे हे नाही म्हणाले तर डॉक्टर म्हणाला, मग सुई घ्या, मुदतीचा ताप आहे तुम्हाला. ह्यांनी पेला एका दमात संपवला. न्हाव्याच्या भावाला उलटी झाली, त्यामुळे तो तरी खरा पेशंट झाला. मला कोयनेल दिलं नाही. डॉक्टरनं माझ्या पायांची सूज पुन्हा पाहिली आणि नर्सबाईंना हळूच काहीतरी सांगितलं. तो गेल्यावर मी पहिला पेरू खाल्ला.

साहेबांची जीप वावरातून आत आली. सालदार काटीशी उभा होता. गाडी आत गेली आणि त्यानं काटी ओढून पुन्हा वाट बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं. पण अख्खं आयुष्य त्याला हेच सांगत आलं होतं की माणूस आत आला की मागं काटी लाव, ज्वारी उभी आहे. हात आपोआप चालले. मामाजी साहेबांच्या पुढे पुढे, त्यांनी मागे वळून बघितलंच नाही.

साहेब वयस्कर होते, थकलेले. त्यांनी औषधाचं कपाट बघितलं, त्यात लाल औषधाचा तळ दिसत होता. मग खाटांपाशी आले. आत्याबाईंनी दमा काढून दाखवला, तो इतका चांगला काढला की मामाजींनीही चमकून बघितलं. साहेब एकेका खाटेचं नाव वाचत होते आणि एकेका पेशंटचा चेहरा. त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तरी डोकं हलवून ते पुढे सरकत होते. मला वाटलं, जमलं. खाटा राहिल्या. माझी खाट राहिली.

माझी खाट खिडकीशी होती. साहेब माझ्यापाशी येतच होते की बाहेरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि थांबला. मी वळून बघितलं. काटीच्या पलीकडे एक बंडी उभी होती. बंडीत तीच बौद्धपुऱ्यातली म्हातारी, हातात लुगड्याचा आडोसा धरून, आणि आडोशाखाली तिची सून, जी आमच्या कापसाच्या पऱ्हाटीत माझ्या बाजूच्या ओळीत निंदायची. तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त एक हात दिसत होता. बंडीची दांडी धरलेला.

तिचा नवरा सालदाराशी बोलत होता. सालदार दवाखान्याकडे बघत होता, मामाजींनी खूण करावी म्हणून. मामाजी दारावरची पाटी साहेबांना दाखवत होते.

साहेबांनी मला विचारलं, काय होतंय बाई. मी उठून बसले. मामाजी म्हणाले, हिले पडून राहू द्या, हिची तब्येत नाजूक हाय.

"मले काही झालं नाई, साहेब," मी म्हणाले. "कोनालेच काही झालं नाई. खरी पेशंट तिकडं काटीशी अडून राह्यली."

पेरू माझ्या ओटीतून खाली पडला आणि घरंगळत साहेबांच्या बुटाशी गेला. एवढंच ते हसण्यासारखं. मी अनवाणी तशीच बाहेर पडले. मागून मामाजींचा आवाज आला, मोठा नव्हता, घरात नोकराला बोलतात तसा. "सूनबाई, मांगं फिर." मी फिरले नाही. काटीशी गेले आणि दोन्ही हातांनी ओढायला लागले. हिरवी काटी नुसत्या हातांनी ओढून निघत नाही, हे मला शेतकऱ्याच्या घरची असून आठवायला हवं होतं. तळहातात काटे शिरले. सालदार माझ्याकडे बघत होता, मग मामाजींकडे बघत होता. त्याला कोणाचं ऐकावं ते कळेना. तेवढ्यात मागून मुदतीचा ताप धावत आला, त्याच्यामागे दमा, त्याच्यामागे कावीळ हळदीच्या हातांची, आणि न्हावी. सगळा दवाखाना काटीशी लोटला. मग सालदारानंही हात लावला. बंडी आत गेली तेव्हा सहाच्या सहा खाटा रिकाम्या होत्या.

डॉक्टरबद्दल मला पुढेही कधी प्रेम वाटलं नाही, पण त्या दिवशी त्याचं तोंड बंद होतं आणि हात चालत होते, हे मला कबूल आहे. साहेब बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसून राहिले. त्यांना जाता येत होतं, पण गेले नाहीत. दुपार कलली तेव्हा आतून मुलाचा आवाज आला. मूल जगलं, आईही जगली.

मी व्हरांड्याच्या पायरीवर हातातले काटे काढत बसले होते. म्हातारी बाहेर आली. मला वाटलं, ही आता काहीतरी चांगलं बोलेल. माणूस किती खुळं असतं बघा, हाताला काटे टोचले तर त्याचे लगेच पैसे वसूल करायला बसतं. मी जरा हसलेही असेन तिच्याकडे बघून.

"कायले हासतं?" ती म्हणाली. "तू उठली म्हनून उपकार नाई झाले. खाट सरकारची हाय. तुह्या आजसासऱ्याचं नाव लिवलं म्हनून त्याची नाई झाली. माह्या सुनेले आत याले तुमची काटी कायले इचारा लागते?"

मामाजी तिथेच उभे होते. ती त्यांच्याकडे बघूनच बोलली होती, मला तेवढं नावाला. त्यांनी मान फिरवली. त्या क्षणी मला तिचा राग आला होता, हे लपवत नाही. तो राग काही दिवस टिकला, मग मलाच कळलं की ती बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं.

साहेबांनी जाताना फार बोलणं केलं नाही. आम्ही खोटे पेशंट होतो याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यामुळे जास्त लाज वाटली. त्यांनी डॉक्टरला विचारलं की ही वाट कोणाची. डॉक्टर म्हणाला, कोणाचीच नाही. मग ते मामाजींना म्हणाले की जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेच्या आत वाट लिहून द्या, नाहीतर खाटा पलीकडे जातील, आणि नाव पुसायचा खर्च सरकार करणार नाही.

घरी आल्यावर मामाजींनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी वाढलं तर ते हात लावेनात, आत्याबाईंना वाढावं लागे. भाऊबंद समजवायला आले की पाटील, वाट देऊन टाका. ते ठाम होते. खाटा गेल्या तर जाऊ द्या, पण वाट दिली तर डॉक्टर म्हणेल जिंकलो. त्यांना खाटांचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, नावाचं तर फारच वाटत होतं. पण डॉक्टर जिंकणं त्यांना त्याहून वाईट वाटत होतं. सभा जवळ येत चालली. माझे पाय जास्त सुजले. नर्सबाई निरोप पाठवायच्या की तयारीत राहा. कशाच्या तयारीत, कुठे, हे कोणी सांगेना.

एक दिवस दुपारी भाऊबंद जेवायला होते. सगळी पंगत बसली होती. आत्याबाई ताक आणायला आत गेल्या, तेव्हा भाजीचं भांडं मी उचललं आणि मामाजींच्या ताटासमोर जाऊन उभी राहिले. सासऱ्यांसमोर, पंगतीत, डोक्यावरचा पदर नीट करून, आठव्या महिन्याचं पोट घेऊन.

"मामाजी, खाटा पलीकडं गेल्या तं मीबी पलीकडं जाईन," मी म्हणाले. "बाळंतपण त्या गावात करीन, आजसासऱ्याच्या नावाच्या खाटेवर. कोनी इचारलं तं सांगेन, मी पाटलाची सून हावो, आमच्या गावात मले वाट नोती म्हनून आली. मांगच्या खेपी बंडीत झालं ते एकदाच झालं. परत नाई होऊ देनार."

कोणी जेवेना. भाऊबंद ताटात बघत होते. आमचे हे पाणी प्यायले, त्यांना ठसका लागला. मामाजींनी ताटात हात धुतले आणि उठले. मला वाटलं, आता मला माहेरी पाठवतील, कायमची. त्या भीतीत भाजीचं भांडं तिरकं झालं आणि रस्सा चुलतसासऱ्यांच्या धोतरावर सांडला. एवढं शूर बोलून शेवट असा.

त्या आठवड्यात मामाजी मेहकरला जाऊन वाट लिहून देऊन आले. वाट बरोबर एका बंडीच्या रुंदीची. त्यांनी आपल्या बंडीच्या आसाच्या मापानं ती मोजून घेतली होती, बोटभर जास्त नाही. दोन्ही बाजूंनी त्यांनी ताजी बाभळीची काटी लावली, दाट, वाटेकडे टोकं करून. बंडी आरामात जायची. सरकारी जीप जरा रुंद होती. तिच्यात तेल असलं की ती त्या वाटेनं यायची, आणि आली की दोन्ही बाजूंनी चरचर आवाज व्हायचा. महिन्याभरात तिचा रंग असा ओरबाडला गेला की तिच्यावरचं सरकारी नाव वाचता येईना. डॉक्टरनं वर तक्रार केली. वरून उत्तर आलं की रंगाला पैसे नाहीत.

खाटा राहिल्या. कार्तिकात, कळा येण्याच्या आधी, आत्याबाईंनी मला बंडीत घालून नेलं. वाट छोटीच होती, पण मी बंडीची दांडी धरली नाही, हात मुद्दाम मांडीवर ठेवले. खिडकीशेजारचीच खाट मिळाली. अवघड गेलं. डॉक्टर घामाघूम झाला, नर्सबाईंवर ओरडला, माझ्यावरही ओरडला. मला तो आवाज आवडला नाही, पण हा माणूस जवळ आहे एवढं कळत राहिलं. मुलगी झाली. रडली. माझ्या कानात तो आवाज अजून आहे.

पुढचं मला सालदारानं सांगितलं, कारण मी आत होते. मामाजी सकाळपासून वाटेच्या तोंडाशी उभे होते, आत एक पाऊल टाकलं नव्हतं. डॉक्टर हात पुसत व्हरांड्यात आला. दोघांमध्ये ओरडून बोलण्याइतकंच अंतर. पण बोलायचं कसं, दोघांचं बोलणं बंद. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला, त्यांना सांगा, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. कंपाउंडर वाटेनं चालत गेला आणि त्यानं सांगितलं. मामाजी म्हणाले, "त्याले म्हना, आयकू आलं." कंपाउंडर परत चालत आला.

सालदाराचं म्हणणं, तेव्हा मामाजींनी डोळे पुसले. मला ते खरं वाटत नाही, सालदार आम्हा सगळ्यांनाच चांगलं दाखवायचा. जीपनं आदल्या दिवशी ओढत आणलेली काटीची एक मोठी फांदी वाटेत आडवी पडली होती. मामाजी वाकले आणि त्यांनी ती काठीनं उचलली. सालदार पुढे झाला आणि म्हणाला, द्या पाटील, नाल्यात फेकून येतो.

"फेकू नोको बे," मामाजी म्हणाले. "वाटीच्या कडंले, धुऱ्यावर नीट खोच. बंडीले लागली नाई पायजे. उद्या त्याची जीप इथूनच जाईन."